गुडघा, मालिश आणि विज्ञान : चीनची ‘तुईना’ पद्धत आपल्याला काय शिकवते?



आपल्या खान्देशात गुडघ्याला बरेच जण ‘टोंगळा’ म्हणतात. आणि ‘टोंगळे दुखतात गं बाई’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही, असं घर जळगाव-धुळ्यात सापडणं अवघड आहे. आजी जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार घेते. आई एसटीची उंच पायरी चढताना दांडा धरून आधी एक पाय वर टाकते, मग दुसरा ओढून घेते. कापूस वेचून आलेली बाई रात्री पाय लांब करून बसते आणि नातवाला सांगते, “जरा तेल चोळ रे.”

हे तेल चोळणं नेमकं काय करतं? त्याने गुडघा बरा होतो, की फक्त बरं वाटतं? आजच्या लेखात आपण हाच प्रश्न घेणार आहोत. त्यासाठी आपण शेजारच्या देशात, चीनमध्ये जाऊ. तिथे हाताने करायच्या उपचारांची ‘तुईना’ नावाची जुनी पद्धत आहे आणि तिचा गुडघ्यावर काय परिणाम होतो, हे तिथल्या संशोधकांनी यंत्रांनी मोजून पाहिलं आहे. विज्ञानातलं बल आणि आघूर्ण इथे कामाला येतं, म्हणून हा विषय मुद्दाम निवडला.

गुडघा म्हणजे साधी बिजागरी नव्हे

मांडीचं हाड वर, नडगीचं हाड खाली आणि समोर गुडघ्याची वाटी. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरट कूर्चा असते. तिच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्या धक्के झेलतात. सगळ्याभोवती एक पिशवीसारखं आवरण असतं आणि त्यात थोडासा चिकट द्रव असतो. त्यालाच लोक ‘गुडघ्यातलं वंगण’ म्हणतात.

कूर्चेची एक गोष्ट लक्षात ठेवा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि वेदना कळवणाऱ्या नसाही नसतात. मग तिला अन्न मिळतं कसं? ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं, सोडला की आत शिरतं. चालताना कूर्चा तशीच दबते आणि सुटते, आणि त्या द्रवातून पोषण शोषून घेते. म्हणजे गुडघ्याला हालचाल हवीच असते. ‘दुखतंय म्हणून अजिबात हलू नका’ हा सल्ला म्हणूनच बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

वय, वजन, जुनी दुखापत, कामाची पद्धत, अनुवंश अशा अनेक कारणांनी ही कूर्चा पातळ आणि खरबरीत होत जाते. हाडांच्या कडेला टोकं वाढतात, आतल्या आवरणाला सूज येते, भोवतालचे स्नायू अशक्त होतात. याला आपण गुडघ्याचा संधिवात किंवा ‘झीज’ म्हणतो. डॉक्टर त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. मात्र ‘झीज’ या शब्दाने एक गैरसमज होतो. माणसाला वाटतं, टायर घासलं तसं गुडघा घासला, आता काही उपाय नाही. खरं तर हा पूर्ण सांध्याचा आजार आहे. कूर्चेला नसा नसल्यामुळे वेदना येते ती हाडातून, आवरणातून, आखडलेल्या स्नायूंतून. त्यामुळे एक्स-रे खूप खराब आणि दुखणं थोडं, किंवा एक्स-रे बरा आणि दुखणं जास्त, असंही दिसतं.

हा आजार आपल्याकडे किती?

पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात भिगवण नावाचं गाव आहे. तिथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका मोठ्या कार्यक्रमाचा तो भाग होता. पाहणी केलेल्या प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. त्यातले बरेच जण शेतीत काम करणारे होते. खान्देशातलं गाव त्याहून फार वेगळं असेल, असं समजायला कारण नाही.

चीनमधली पाहणी तर आपल्यासाठी आणखी महत्त्वाची आहे. बीजिंगमधल्या ६० वर्षांवरील लोकांची तपासणी झाली आणि त्यांची तुलना अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावातल्या लोकांशी केली गेली. चिनी महिला अमेरिकन महिलांपेक्षा सडपातळ होत्या, तरी त्यांच्यात गुडघ्याचा संधिवात जास्त निघाला. असं का? पुढच्या अभ्यासात त्यांना विचारलं, ‘तुम्ही तरुणपणी दिवसातून किती वेळ उकिडव्या बसायच्या?’ ज्यांनी दिवसाला तीन तास किंवा जास्त वेळ उकिडवं बसून काढला होता, त्यांच्यात या आजाराचं प्रमाण जवळपास दुप्पट किंवा त्याहून थोडं जास्त होतं.

आता आपल्या घरातल्या बायकांचा दिवस आठवा. चुलीपुढे कळण्याच्या भाकरी, अंगण सारवणं, भांडी, धुणं, शेतात निंदणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणं, आणि संडासातलं बसणं वेगळं. बीजिंगची ती बाई आणि चोपडा किंवा साक्री तालुक्यातली आपली बाई यांच्या गुडघ्यांची गोष्ट बरीच सारखी आहे. गुडघेदुखीला ‘म्हातारपण’ म्हणून आपण सोडून देतो, पण त्यात आयुष्यभराच्या कामाचा वाटा असतो. ते काम बहुतेक बायकांच्या वाट्याला आलेलं असतं.

गुडघ्यावर भार किती पडतो? थोडं गणित

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यात भार मोजणारी यंत्रणा बसवून संशोधकांनी मोजमाप केलं. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. जिना चढताना तीन पटींहून थोडा जास्त आणि उतरताना जवळपास साडेतीन पट.

म्हणजे ६० किलो वजनाची बाई चालते तेव्हा एका गुडघ्यावर क्षणभर सुमारे १५० किलोचा भार येतो आणि पायऱ्या उतरताना २०० किलोच्या आसपास. सप्तशृंगी गडावरून उतरताना गुडघे का बोलतात, ते आता कळलं ना?

वजनापेक्षा भार जास्त कसा? कारण सांधा सांभाळायला भोवतालचे स्नायूही हाडांना एकमेकांवर खेचून धरतात. त्यांच्या खेचण्याचा भारही सांध्यावरच येतो.

दुसरी गोष्ट आघूर्णाची. दाराचं हँडल बिजागरीपासून लांब असतं म्हणून दार सहज फिरतं. आघूर्ण = बल × अंतर. चालताना एका पायावर उभे असतो तेव्हा जमीन आपल्याला वर ढकलते. पण त्या बलाची रेषा गुडघ्याच्या मध्यातून न जाता थोडी आतल्या बाजूने जाते. ६० किलो वजन म्हणजे सुमारे ६०० न्यूटन बल. रेषा गुडघ्याच्या मध्यापासून ५ सेंटीमीटर, म्हणजे ०.०५ मीटर आत आहे असं धरू.

६०० × ०.०५ = ३० न्यूटन-मीटर

हे आघूर्ण प्रत्येक पावलाला गुडघा बाहेरच्या बाजूला वाकवू पाहतं आणि आतल्या बाजूचा कप्पा जास्त दाबतं. म्हणून गुडघ्यावरच्या एकूण भारापैकी निम्म्याहून बराच जास्त भार आतल्या कप्प्यावर येतो आणि झीज बहुतेक वेळा तिथेच सुरू होते. मग पाय धनुष्यासारखे बाहेर वाकायला लागतात. पाय वाकले की ते अंतर वाढतं, अंतर वाढलं की आघूर्ण वाढतं आणि झीज आणखी होते. हे दुष्टचक्र आहे. गुडघ्याच्या अभ्यासात याच आघूर्णाकडे संशोधकांचं सर्वांत जास्त लक्ष असतं.

तुईना म्हणजे काय?

चिनी भाषेत ‘तुई’ म्हणजे ढकलणं आणि ‘ना’ म्हणजे पकडणं. आपण ‘चोळणं-मळणं’ म्हणतो तसाच हा जोडशब्द. हाताने उपचार करण्याची परंपरा चीनमध्ये फार जुनी आहे. आधी तिला ‘आनमो’, म्हणजे दाबणं आणि चोळणं, असं म्हणत. प्राचीन ‘हुआंगदी नेईजिंग’ या वैद्यकग्रंथात तिचा उल्लेख आहे. तांग राजवटीत राजदरबाराच्या वैद्यकीय संस्थेत ही विद्या शिकवणारे खास अध्यापक नेमलेले होते. ‘तुईना’ हा शब्द मात्र मिंग काळात, लहान मुलांच्या उपचारांवरच्या पुस्तकांतून रूढ झाला. विसाव्या शतकात, १९५० च्या दशकात, शांघायमध्ये तिचं पद्धतशीर शिक्षण सुरू झालं. आज तिथल्या पारंपरिक वैद्यकाच्या विद्यापीठांत तो स्वतंत्र विषय आहे.

गुडघ्याच्या उपचारात साधारण असं करतात:

* गोल फिरता हात: हाताची पाठ आणि करंगळीची कड मांडीवर टेकवून मनगट पुढे-मागे लोळवतात. लाटणं फिरवल्यासारखं. हे मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, एकाच लयीत. त्याने मांडीचा मोठा स्नायू सैल होतो.
* मळणं: तळहाताने किंवा अंगठ्याने, कणीक मळतो तसं, गुडघ्याभोवती.
* पकडून उचलणं: मांडीचा आणि पोटरीचा स्नायू चिमटीत धरून हलकं उचलणं.
* तार छेडणं: आखडलेला स्नायू किंवा कंडरा अंगठ्याने आडवी सरकवणं, एकतारीची तार छेडावी तशी.
* बिंदू दाबणं: वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना जे खळगे असतात त्यांना चिनी लोक ‘गुडघ्याचे डोळे’ म्हणतात. तिथे आणि मांडी-पोटरीवरच्या ठरलेल्या बिंदूंवर दाब देतात.
* वाटी सरकवणं आणि सांधा हलवणं: वाटी हळूच वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवतात. शेवटी पाय हलका ओढून गुडघा वाकवतात आणि सरळ करतात.

जुना चिनी विचार असा की वारा, थंडी आणि ओल शरीरात शिरली की ‘ची’ आणि रक्ताचा प्रवाह अडतो आणि दुखतं. आपल्या आयुर्वेदातल्या ‘संधिगत वात’ या कल्पनेशी याचं थोडं साम्य आहे. ‘ची’ कुठल्या यंत्रात दिसत नाही. पण त्या परंपरेतला दुसरा एक विचार आजच्या विज्ञानाच्या जवळ जातो. तो असा, की हाडं नीट राहायची तर आधी त्यांना धरून ठेवणारे स्नायू आणि कंडरा सांभाळा.

आपल्याकडची परंपरा

हाताने दुखणं उतरवणं आपल्याला नवं नाही. अभ्यंग, म्हणजे तेल लावून मालिश, आयुर्वेदात आहेच. जानुबस्तीत उडदाच्या पिठाचं कडं गुडघ्यावर बसवून त्यात कोमट तेल धरतात. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तिळाचं तेल, सातपुड्याच्या पट्ट्यात मोहाच्या बियांचं तेल, हे सगळं घराघरांत चालतं. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते, ती सर्वांत लांबच्या पालख्यांपैकी एक. वारीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चोळून देणं ही सेवा मानली जाते. दिवसभर चाललेल्या पायाला हात लावला की आराम पडतो, हे लोकांना अनुभवाने ठाऊक आहे.

चीन आणि महाराष्ट्र यांच्या वैद्यकीय नात्याचं नाव निघालं की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. ते शल्यचिकित्सक होते, तुईनाशी त्यांचा संबंध नव्हता. पण त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं. सुया आपल्याकडे पोचल्या. हाताची तुईना तशी पोचली नाही. जळगाव-धुळ्यात तिचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस सहसा भेटणार नाही. म्हणून कुणी ‘चायनीज मसाज’ अशी पाटी लावली की लगेच विश्वास टाकू नये.

मालिश केल्यावर आत काय घडतं?

आता मुख्य प्रश्न. चार गोष्टी घडू शकतात.

पहिली, वेदनेचं दार. आपल्याला काही लागलं की आपण आपोआप ती जागा चोळतो. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचं एक स्पष्टीकरण मांडलं. स्पर्श आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूपाशी पोचतात तेव्हा वेदनेच्या संदेशांना पुढे जायला वाट कमी मिळते. जणू दार अर्धवट बंद होतं.

दुसरी, आखडलेले स्नायू सैल होतात. दुखऱ्या गुडघ्याला जपायला माणूस मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी घट्ट धरतो. चिमट्यात धरल्यासारखं. त्याने सांध्यावरचा दाब उलट वाढतो. स्नायू सैल झाले की निदान हा जादा दाब कमी व्हायला वाव मिळतो.

तिसरी, हालचाल मोकळी होते. वाटी नीट सरकत नसेल तर गुडघा वाकवताना ताण येतो. हलक्या हाताने ती सरकवल्यावर आणि सांधा फिरवल्यावर आखडलेपणा उतरतो. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं जड जातात, त्यात फरक पडतो.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, झोपलेला स्नायू जागा होतो. गुडघ्यात वेदना आणि सूज असली की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला ‘जोर लावू नकोस’ असा हुकूम देते. स्नायू वाळत जातो. स्नायू अशक्त म्हणून धक्के सांध्यावर आणि धक्के सांध्यावर म्हणून वेदना. दुखणं उतरलं तर हा स्नायू पुन्हा काम करू शकतो. पण त्याला काम द्यावं लागतं. नुसतं चोळून स्नायूत ताकद येत नाही.

मोजून काय निघालं?

शांघायमधल्या संशोधकांनी गुडघ्याचा संधिवात असलेल्या महिलांना दोन आठवडे तुईना उपचार दिले. आधी आणि नंतर त्यांच्या चालण्याचं कॅमेऱ्यांनी मोजमाप केलं. दुखणं आणि आखडलेपणा कमी झाला, चालण्याचा वेग वाढला. पण गुडघा किती अंशांत वाकतो-सरळ होतो, यात ठळक बदल दिसला नाही. अभ्यास छोटा होता, त्यामुळे तो शेवटचा शब्द नाही. तरी त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. माणूस चांगला चालायला लागला, पण सांध्याची रचना बदलली नाही.

अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२२ लोक होते आणि मालिश तिथल्या पद्धतीची, म्हणजे स्वीडिश होती. आठ आठवड्यांनी मालिश घेणाऱ्यांना नुसता हलका स्पर्श मिळालेल्या लोकांपेक्षा जास्त आराम होता. वर्षाच्या शेवटी मात्र गटांमध्ये विशेष फरक उरला नाही.

मग डॉक्टरांच्या संस्था काय म्हणतात? ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे की हाताने करायचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच द्या, एकट्याने त्यांचा पुरेसा पुरावा नाही. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या २०१९ च्या शिफारशीत मालिशीला पाठिंबा नाही. पण गंमत बघा, त्याच यादीत गुडघ्यासाठी जोरदार शिफारस केलेल्या गोष्टींमध्ये व्यायाम आणि वजन कमी करण्यासोबत चीनचीच ‘ताई ची’ आहे. ताई ची म्हणजे संथ लयीत, गुडघे किंचित वाकवून, तोल सांभाळत केलेल्या हालचाली. दुसऱ्याने चोळून दिलेल्या अंगापेक्षा स्वतः हलवलेलं अंग जास्त टिकतं, असा त्याचा अर्थ.

आराम पडला की जपायचं

इथे एक नाजूक मुद्दा आहे. वेदनाशामक गोळी दिल्यावर लोक कसे चालतात, हे काही संशोधकांनी पाहिलं. दुखणं कमी झालं तेव्हा मघाशी पाहिलेलं आघूर्ण वाढलेलं दिसलं. कारण सोपं आहे. दुखत असताना माणूस जपून, हळू चालतो. दुखणं थांबलं की दणादण चालतो.

मालिशीबाबतही हे ध्यानात ठेवायला हवं. रात्री तेल चोळलं, सकाळी बरं वाटलं, म्हणून आईने दिवसभर उकिडवं बसून निंदणी केली, तर मिळालेली सवलत ती एका दिवसात खर्च करते. म्हणून मालिशीनंतर आलेला आराम व्यायामासाठी वापरायचा. जास्त राबायला नव्हे.

मग घरी काय करायचं?

१. मालिश, दहा मिनिटं, हलक्या हाताने. आधी मांडी, मग पोटरी, शेवटी गुडघ्याभोवती. वाटीवर जोर देऊन दाबायचं नाही. गुडघ्यामागच्या खळग्यात खोल दाब द्यायचा नाही, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. ‘दुखलं तर फायदा’ हे खरं नाही. तेल कुठलंही चालेल, काम हाताचं आहे. तेल कातडीतून आत जाऊन ‘वंगण’ होत नाही.

२. लगेच व्यायाम. पाय लांब करून बसा किंवा झोपा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने टॉवेल खाली दाबा, मनात पाच अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच मोजा, खाली ठेवा. नंतर खुर्चीवरून, जमलं तर हात न टेकता, उठणं-बसणं. ताकद येईल तशी संख्या वाढवा. हे रोज केलं तर फरक आठवड्यांच्या हिशेबात दिसतो, एका रात्रीत नाही.

३. वजन. जादा वजन असलेल्या लोकांच्या एका अभ्यासात असं दिसलं की १ किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो. ५ किलो घटलं तर प्रत्येक पावलाला २० किलो. एका पायाची दिवसाला २,००० पावलं धरा. २० × २,००० = ४०,००० किलो. म्हणजे एका दिवसात एका गुडघ्यावरचा ४० टन भार वाचला! मात्र शेतात राबणाऱ्या सडपातळ बाईला ‘वजन कमी कर’ हा सल्ला देऊ नका. तिला ताकद हवी, पोटभर अन्न हवं.

४. काठी. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, पण त्याने भार हवा तसा कमी होत नाही.

५. बसण्याची रीत. चुलीपुढे पाट किंवा बुटकं स्टूल, ओट्यावर स्वयंपाक, शौचालयात कमोड किंवा कमोड-खुर्ची, निंदणीला जमेल तिथे सायकल कोळपं किंवा लांब दांड्याचं अवजार. उकिडवं बसणं पूर्ण सुटणार नाही, पण दर अर्ध्या तासाला उठून पाय मोकळे करता येतात. यातलं बरंचसं घरातल्या माणसांनी करून द्यायचं आहे. सगळ्यांच्या भाकरी एकाच गुडघ्यावर का थापायच्या?

मालिश कधी करायची नाही?

गुडघा लाल, गरम, सुजलेला आहे आणि ताप आहे; नुकताच मार लागला आहे; गुडघा मध्येच अडकतो; एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखते आहे; कातडीवर जखम आहे; रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे; हाडं ठिसूळ आहेत; किंवा गुडघा बदललेला आहे. अशा वेळी आधी डॉक्टर. पोटरीची अचानक सूज ही शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, ती चोळली तर जिवावर बेतू शकतं. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर गरम शेक देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

झटका देऊन ‘सांधा बसवून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. झिजलेला सांधा निखळलेला नसतो, मग बसवणार काय? आणि ‘एका पुडीत गुण’ देणाऱ्या विनालेबल पुडीपासूनही. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. चार दिवस चमत्कार वाटतो, पुढे साखर वाढते, हाडं पोकळ होतात.

धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं २०१८ मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हींच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहे. तिथे दाखवा आणि व्यायाम नीट समजून घ्या. व्यायाम, काठी, औषध सगळं करूनही रात्री झोप येत नसेल आणि चार पावलं चालवत नसेल, तर गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. त्यात कमीपणा नाही. आणि पाय थोडे दुखले की लगेच शस्त्रक्रिया, हेही बरोबर नाही.

थोडक्यात

मालिश, मग ती तुईना असो की आजीचं तेल, कूर्चा पुन्हा उगवत नाही आणि वाकलेला पाय सरळ करत नाही. ती वेदना कमी करते, स्नायू सैल करते, चालणं सोपं करते. हा फायदा खरा आहे, पण थोड्या काळाचा. त्या थोड्या काळात मांडीच्या स्नायूला कामाला लावलं तर तो फायदा टिकवता येतो.

विचार करा आणि लिहा

१. ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या बलरेषेचं अंतर ६ सेंटीमीटर असेल तर गुडघ्यावरचं आघूर्ण किती? (१ किलो = १० न्यूटन धरा.)

२. काठी विरुद्ध हातात का धरायची? चित्र काढून स्पष्ट करा.

३. वेदना कमी झाल्यावर गुडघ्यावरचा भार वाढू शकतो, असं का?

४. तुमच्या घरातली एक मोठी बाई दिवसातून किती वेळ उकिडवी बसते, हे तिला विचारून एका दिवसाची नोंद करा. त्यातलं कोणतं काम स्टुलावर, ओट्यावर किंवा दुसऱ्या कुणाकडून होऊ शकतं, ते घरच्यांशी बोलून ठरवा आणि वर्गात सांगा.